वाकड्या साच्याची सरळ पट्टी

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो ना, तो ओळंबा. हे नाव ठेवलं प्लॅस्टिकच्या वस्तू काढणारं इंजेक्शन मशीन चालवणाऱ्या मशीनवाल्यानं, आणि ते इतकं चपखल बसलं की हजेरी घेताना खरं नाव पुकारलं गेलं तर आजूबाजूची माणसं माना वळवून बघत, की हा नवा कोण आला बुवा!

आणि का बसू नये? वाकडं म्हणून काही या माणसाच्या डोळ्यांना सोसतच नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, दारातल्या चपला, दुकानातल्या बरण्या, समोरच्याची कॉलर. बोलता बोलता याचा हात कॉलरकडे जायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, आता हा आपली गचांडी धरतोय. एकदा दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेला, तर टेबलावरची नावाची पाटी सरळ केल्याशिवाय हात पुढे करेना. डॉक्टर म्हणाले, "झालं समाधान? आता मोजतो. आता बराच उतरला असेल."

बायको तर लग्नाचा फोटो आल्यागेल्याला दाखवायची. "हे बघा, फोटोवाला ओरडतोय, बायकोकडे बघा, बायकोकडे बघा, आणि हे बघतायत मागच्या पडद्याकडे. का, तर म्हणे पडदा तिरका लागला होता. मी काय, सरळच उभी होते. माझ्याकडे कशाला बघतील!"

धंदाही असा मिळाला की खोड मोडायच्या ऐवजी पोसली गेली. ओळंबा साचे बनवायचा, प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे. कंगवा असो, साबणाची डबी असो, रीत एकच. मशीन प्लॅस्टिकचा दाणा वितळवतं आणि जोरानं बंद साच्यात दाबतं, आत तो निवतो, साचा उघडतो, वस्तू टपकन खाली पडते. साच्यात खोट असली की पडणाऱ्या प्रत्येक वस्तूत तीच खोट. आणि पोलाद असं बेरकी, की घासून काढता येतं, परत चिकटवता येत नाही. म्हणून टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडतात त्या खोलीत, ओळंबाचा शब्द शेवटचा. त्याचा अंगठा पोलादावरून फिरला आणि तो "हं" म्हणाला, की काम झालं. मोजायची उपकरणं नंतर यायची, त्या "हं"ला मान डोलवायला.

टूलरूमची एक जुनी रीत होती. साचा मशीनवर चढला, त्यातून चांगला माल पडला, की बनवणाऱ्यानं साच्याच्या कुशीवर पंच ठेवून हातोडीनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठोकायचं. आधी नाही, माल पडल्यावरच. कारखान्यातल्या रॅकवर रांगेनं साचे ठेवलेले होते आणि बहुतेकांच्या कुशीवर ओळंबाचं अक्षर होतं. सगळी अक्षरं एका रेषेत, हे सांगायला नकोच.

त्याची लेक शिकून त्याच कारखान्यात लागली. तिचं काम सिम्युलेशनचं. म्हणजे पोलादाला हात लावायच्या आधी अख्खा साचा कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्यात कॉम्प्युटरमधलंच गरम प्लॅस्टिक भरायचं आणि बघायचं, की ते सगळ्यात शेवटी कुठं पोचतं, हवा कुठं कोंडून माल करपतो, कुठं खळगा पडतो, निवताना वस्तू कुठल्या अंगाला वाकते. दोष निस्तरत बसण्यापेक्षा तो जन्मालाच येऊ द्यायचा नाही, असा सगळा मामला. पडद्यावर लाल, पिवळे, निळे पट्टे सरकायचे. मशीनवाल्यानं लगेच तिचंही बारसं उरकलं. चित्रवाली!

ओळंबाला लेकीचा अभिमान केवढा, तर शेजारी त्याला येताना बघून दार लोटून घ्यायचे, आता परत तेच ऐकावं लागणार म्हणून. कारखान्यात मात्र भाषा वेगळी. "पोलाद न कापता साच्याचे दोष सांगतात म्हणे. म्हणजे न जेवता ढेकर!"

"ढेकर नाही बाबा," लेक म्हणायची, "मी जेवायच्या आधी सांगते, की हे पचायचं नाही."

तर अशा या बापलेकीच्या मध्ये आली एक पट्टी. शाळेतली पोरं रेघा आखतात ती, प्लॅस्टिकची, साधी. कारखाना जुन्या साच्यातून पट्ट्या काढायचा आणि त्या वाकायच्या. त्यावर उपायही ठरलेला होता. गरम पट्ट्या दोन फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवायचं. पट्ट्या धाकानं सरळ राहायच्या आणि दुकानाच्या काचेत ऊन लागलं की परत मूळ पदावर. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. शेवटी घेणाऱ्यांनी माल परत पाठवला, आणि वर विचारलं, की रेघा आखायच्या आहेत की धनुष्यबाण खेळायचंय?

हा टोमणा कारखान्याच्या मालकीणबाईंना झोंबला. त्यांनी बापलेकीला समोर उभं केलं. "नवा साचा करा. पोरी, तुझं ते सॉफ्टवेअर आपल्याकडे वापरून बघायला आलंय, अजून घेतलेलं नाही. पहिल्या ट्रायलला सरळ पट्टी पडली, तर ते राहील आणि तूही राहशील. नाही पडली, तर आपली जुनी पद्धत बरी. कापा, बघा, घासा, परत बघा. त्याला चित्रं लागत नाहीत."

लेकीनं चित्रं काढली आणि घरी जेवताना बापाला समजावून सांगितलं. पट्टीची रेघ आखायची कड असते पातळ आणि पाठीकडची बाजू जाड. पातळ कड चटकन निवून मोकळी होते. जाड बाजू सावकाश निवते आणि शेवटपर्यंत आकसत राहते. धुतल्यावर शिलाई आकसली की बाही कशी ओढली जाते, तशी अख्खी पट्टी पाठीकडे ओढली जाते आणि आखायच्या कडेला पोट येतं.

"बरं, मग?"

"मग साचाच आधी उलट्या अंगाला वाकवायचा. पट्टी निवताना वाकणार ती वाकून सरळ होणार."

ओळंबाचा घास हातातच राहिला. "तू मला वाकडा साचा करायला सांगतेस?"

"वाकडा नाही हो. उलट्या बाजूला किंचित झुकता."

"त्यालाच गावभर वाकडा म्हणतात!"

"अहो, सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात ते उगाच का?" बायको मध्येच म्हणाली. तिला प्लॅस्टिकमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं.

आता नाही म्हणावं तर लेकीची नोकरी. ओळंबानं साचा करायला घेतला. पट्टीच्या दोन कडा घडवायला साच्यात दोन लांब पोलादी ठोकळे बसवायचे होते. लेकीच्या चित्राप्रमाणे आखायच्या कडेच्या ठोकळ्याला किंचित पोट, पाठीच्या ठोकळ्याला तेवढीच किंचित पोकळी. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढी. दुसऱ्या कुणाला दिसलीसुद्धा नसती. ओळंबाला तर ती पाठ करूनही दिसत होती! त्यानं चित्राबरहुकूम ठोकळे केले, लेकीनं मोजून घेतले, खूश झाली, घरी गेली.

शनिवारी दुपारी टूलरूममध्ये तो एकटाच होता. ठोकळे पुसून तेल लावून ठेवायचे, एवढंच काम उरलं होतं. त्यानं फडकं फिरवलं. फडक्यामागून अंगठा फिरला. अंगठ्याला पोट लागलं.

त्यानं ठोकळा खाली ठेवला. चहा पिऊन आला. परत उचलला. पोट तिथंच होतं, मेलं.

आता खरं सांगायचं तर त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि घोटाळे होतात ते असल्याच मनांमुळे. त्याला वाटलं, सोमवारी सगळ्यांसमोर या वाकड्या साच्यातून वाकडी पट्टी पडणार. वाकड्यातून दुसरं काय पडणार? पोर अजून लहान आहे, तिला कुठं माहीत, हसणारे कसे हसतात. बापानं नाही सांभाळायचं तर कुणी? आपण गुपचूप सरळ करून ठेवावं, जुना साचा झिजलेला होता, नव्या सरळ साच्यातून बऱ्यापैकी सरळ पट्टी पडेल, राहिलेलं वजनाखाली घालू, आणि लेकीला वाटेल, तिचंच गणित बरोबर आलं. आपल्याला कुठं श्रेय हवंय!

त्यानं दोन्ही ठोकळे ग्राइंडिंगला लावले. ठिणग्या उडाल्या, पोट गेलं, पोकळीही गेली. दोन्हीकडचं पोलाद खाल्लं गेल्यामुळे मधली जागा जराशी रुंदावली, म्हणजे पट्टीही केसभर रुंद येणार होती. पण पट्टीनं सगळं जग मोजतं, पट्टीला कोण मोजतो? त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हं." घरी जाऊन शनिवारची झोप घेतली. अशी गाढ, की बायकोला वाटलं, याला बरं नाही.

सोमवारी सकाळी साचा मशीनवर चढला. मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या, मशीनवाल्यानं बाह्या सरसावल्या, लेक ओठ चावत होती. सुरुवातीचे काही शॉट, म्हणजे पहिल्या काही पट्ट्या, असेच टाकून दिले, साचा पुरता तापेपर्यंत. मग पट्ट्या पडू लागल्या. त्यातली एक निवल्यावर मालकीणबाईंनी कागद घेतला, पट्टी ठेवून रेघ ओढली. मग पट्टी उलटून त्याच दोन टोकांमध्ये परत रेघ ओढली. ही परीक्षा ओळंबानंच कारखान्यात रूढ केलेली. पट्टी सरळ असेल तर दोन रेघांची एकच रेघ दिसते. लेक पहिलीत असताना त्यानं तिलाही शिकवली होती, आणि तिनं मग वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पट्ट्या नापास करून शिक्षिकेची तक्रार घरी आणली होती.

दोन रेघांच्या मध्ये डोळ्याच्या आकाराची फट पडली. चांगला टपोरा डोळा.

"चित्र मात्र छान होतं हं," मशीनवाला म्हणाला. "आता म्हणा, अंगण वाकडं!"

लेकीनं पट्टी उचलली, उजेडाकडे धरली. मग खिशातून व्हर्नियर काढून पट्टीची रुंदी मोजली. एकदा मोजली, परत मोजली. मग मान वर करून बापाकडे बघितलं. बाप मशीनच्या पाटीवरची धूळ पुसत होता.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

"असेल काय, चुकलंच आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "ते सॉफ्टवेअर परत पाठवायची तयारी कर. तुझं काय करायचं ते आठवडाअखेर सांगते." आणि निघून गेल्या.

ओळंबा त्यांच्या मागे दोन पावलं गेला आणि थांबला. पण माणूस मोठा हुशार असतो, स्वतःची समजूत घालायला त्याला कुणी लागत नाही. त्यानं हिशेब मांडला, सरळ साच्यातून एवढी वाकडी आली, तर त्या वाकड्यातून केवढी आली असती! उलट आपण होतो म्हणून थोडक्यात निभावलं. हे सांगून लेकीला धीर द्यावा, असं ठरवून तो चहाच्या सुट्टीत वर तिच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेला. हातात ती पट्टी होती.

लेक वायरी गुंडाळत होती. टेबलावर कागद पसरले होते, पट्टीची मूळ मापातली चित्रं. एकाचा कोपरा दुमडला होता, म्हणून ओळंबानं तो सरळ केला, आणि सरळ करता करता हातातली पट्टी त्यावर ठेवली गेली.

पट्टी चित्रावर बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधलं पोट चित्रातल्या पोटावर असं बसलं, की कागद दिसेनासा झाला.

"हे कसलं गं चित्र?" त्यानं विचारलं.

"पहिलं. साचा सरळ ठेवला तर पट्टी कशी वाकेल, त्याचं."

खाली मशीनचा आवाज चालू होता. ओळंबा खुर्चीवर बसला. खुर्ची टेबलाला तिरकी होती, तरी तसाच बसला.

"तुला कधी कळलं?"

"रुंदी मोजली तेव्हा. पोलाद काढल्याशिवाय पट्टी रुंद येत नाही बाबा. आणि वाकडं कुठं आहे ते शोधून काढणारा अंगठा या कारखान्यात एकच आहे."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? तिथंच का नाही बोललीस?"

लेक वायर गुंडाळतच राहिली. "काय बोलू? त्या मशीनवाल्यासमोर? मालकीणबाईंसमोर? त्या रॅकवरच्या साच्यांवर तुमचं अक्षर आहे, बाबा. माझं कुठंच नाहीये अजून. जे नाहीच, ते गेलं तर काय बिघडतं?"

ओळंबाला रडू आलं. त्यानं नाक ओढलं, प्लॅस्टिकच्या वासाला दोन शिव्या घातल्या आणि पट्टी आणि ते चित्र घेऊन तरातरा खाली गेला. मालकीणबाईंना केबिनमधून बाहेर बोलावलं. मशीनवाल्याला मशीन थांबवायला लावलं. टूलरूमची माणसं आपोआप गोळा झाली, कारण ओळंबानं आजवर चालू मशीन थांबवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"साचा मी घासला," तो म्हणाला. "पोरीनं वाकडा सांगितला होता, मी वाकडाच केला होता, आणि मग शनिवारी सरळ केला. कुणी सांगितलं नव्हतं. मला बघवेना, वाटलं पोरीचं हसं होईल. चुकली ती नाही. चुकलो मी. आणि हे बघा." त्यानं चित्रावर पट्टी ठेवून दाखवली.

मालकीणबाईंनी चित्र बघितलं, पट्टी बघितली, ओळंबाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे तिचं गणित खोटं पडू नये म्हणून तुम्ही गेलात, आणि खोटं पाडलंत. आणि ते पाडता पाडता खरं आहे हेही सिद्ध करून आलात. अहो, एवढं तर तिला स्वतःलाही जमलं नसतं!"

सगळे हसले. मशीनवाल्याचं हसू तेवढं थोडं उशिरा आलं, कारण अंगण कुणाचं वाकडं हे आता त्याला नव्यानं ठरवायला लागणार होतं.

ठोकळे नव्यानं करायचं ठरलं. गेलेलं पोलाद परत येत नसतं. मालकीणबाई म्हणाल्या, या वेळी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, यांच्या हाताचा भरवसा नाही. लेक म्हणाली, "नाही, बाबाच करतील. नखाच्या जाडीचं पोट हातानं नेमकं साधणारं दुसरं कोण आहे इथं?"

मग काय हाल झाले त्या जिवाचे! ठोकळा घडत होता आणि ओळंबा घामाघूम. पोट बरोबर आलं की आपोआप ते घासून टाकावंसं वाटायचं. शेवटी त्यानं पॉलिशचे दगड आणि ग्राइंडिंग मशीनची किल्ली मशीनवाल्याच्या कपाटात ठेवायला दिली. "मी मागितलं तरी देऊ नकोस." दुपारी तो मागायला गेला. मशीनवाल्यानं दिलं नाही. संध्याकाळी परत गेला. मशीनवाला म्हणाला, "ओळंबाराव, घरी जा, नाहीतर वहिनींना फोन लावतो." घरी त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, तिरकं केलं, परत सरळ केलं. बायको म्हणाली, "चालू द्या. त्याचाही सराव हवाच."

ठोकळे झाले. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला. पोट होतं, जिथं हवं तिथं, जेवढं हवं तेवढं. त्याला "हं" म्हणायचं होतं आणि ते काही निघेना. लेक समोर उभी होती. मग आलं एकदाचं.

परत साचा चढला, परत पट्टी पडली. ती निवली. मालकीणबाईंनी पेन्सिलीला टोक करून घेतलं. रेघ ओढली, पट्टी उलटली, परत रेघ ओढली.

एकच रेघ.

त्यांनी कागद मशीनवाल्याकडे दिला. त्याचा विश्वास बसेना. त्यानं दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांची एकच रेघ. "वाकड्यातून सरळ," तो म्हणाला, "आणि तेही ओळंबाच्या हातून! आता मी कुणाला नावं ठेवू?"

"सॉफ्टवेअर राहू दे," मालकीणबाई लेकीला म्हणाल्या, "आणि तूही राहा. बापाकडे लक्ष ठेवायला कुणीतरी लागेलच." त्या गेल्या आणि टूलरूमच्या एकानं रिवाजाप्रमाणे पंचांची पेटी आणून ओळंबाच्या हातात दिली.

त्यानं साच्याच्या कुशीवर आपलं अक्षर ठोकलं. सरळ, नेहमीसारखं. मग पेटीत हात घालून दुसरं अक्षर शोधायला लागला. लेकीच्या नावाचं.

"बाबा, अहो, मी कुठं पोलादाला हात लावला?"

"गप उभी राहा."

त्यानं पंच ठेवला आणि हातोडी उचलली. पण डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. घाव बसला. सगळे पुढे वाकून बघायला लागले. लेकीचं अक्षर बापाच्या शेजारी उमटलं होतं, खोल, ठसठशीत आणि चांगलंच तिरकं.

"ओळंबाराव," मशीनवाला हळूच म्हणाला, "तिरकं पडलं की हो! घासायचा दगड माझ्या कपाटात आहे. आणू का?"

ओळंबानं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."